गवय जहाजाचे चौदा दिवस

दगडावर सहा ओळी मावत होत्या, आणि त्यातल्या निदान एका ओळीत तरी युद्ध पाहिजे म्हणून भय्यासाहेब कारखानीस अडून बसले होते. अडचण एवढीच होती, की युद्ध कुठे सापडत नव्हतं.

दगडवाल्याने पाच वाजेपर्यंतची मुदत दिली होती. साडेतीन वाजून गेले होते. फ्रीगंजमधल्या वसंतरावांच्या फ्लॅटमध्ये दुपारपासून दोनदा चहा झाला होता, शेवेचा पुडा संपला होता आणि कागदावर फक्त 'आयएनएस गवय' एवढंच लिहून झालं होतं. तेही भय्यासाहेबांनी दोनदा गिरवून घेतलं होतं.

हे गवय जहाज मोडीत निघून पंधरा वर्षं झाली होती. त्याचा मागचा नांगर कुठल्याशा गोदीत पडून होता. तो समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब, उज्जैनच्या बगीच्यात आणून उभा करावा म्हणून भय्यासाहेबांनी तीन वर्षं अर्ज केले, कारण त्यांचा धाकटा भाऊ वसंत त्या जहाजावर नऊ वर्षं होता आणि नेमका याच नांगरावर त्याची नेमणूक होती. नांगर सोमवारी ट्रकमधून उतरला. मंगळवारी त्याला कोणीतरी शेंदूर फासला. बुधवारी नारळ फुटले. आज गुरुवारी सकाळी माळ्याने फोन करून सांगितलं, की दोन बायका नवस बोलून गेल्यात आणि एकीने पुढच्या पौर्णिमेला परत येते म्हणून सांगितलंय. रविवारी उद्घाटन होतं. त्याआधी नांगराशेजारी माहितीचा दगड बसला नाही तर तिथे देऊळ होणार, याबद्दल कोणालाच शंका नव्हती.

"लिही हर्षल," भय्यासाहेब पुतण्याला म्हणाले. मजकूर हिंदीत जायचा होता, पण कारखानीसांना शौर्य मराठीतच सुचत असे. "शत्रूच्या तोफांची पर्वा न करता, सतत चौदा दिवस—"

"कोणता शत्रू, मोठे आजोबा?" हर्षलच्या मुलीने, सायलीने विचारलं.

"तू मध्ये मध्ये टोकू नकोस. शत्रू तो शत्रू. दगडावर नाव कशाला पाहिजे त्याचं?"

चौदा दिवसांची गोष्ट या घरात मुंजी, बारशी, साखरपुडे असं जे जे म्हणून झालं त्या प्रत्येक वेळी सांगितली गेली होती. वसंताने अंदमानात चौदा दिवस किनारा लढवला. सुरुवातीला त्यात नुसतं वादळ होतं. हर्षलच्या मुंजीच्या सुमारास चाचे आले. कारगिलनंतर चाच्यांचे सैनिक झाले, आणि सायली शाळेत जाईपर्यंत त्यांच्याकडे तोफाही आल्या. कारखानीसांचा मूळपुरुष शिंद्यांच्या लष्कराबरोबर माळव्यात आला होता तो तंबूंचा कारभारी म्हणून. लढाई सुरू झाली की तंबू मागे राहात, आणि तंबूंबरोबर कारखानीस. ही गोष्ट मात्र घरात कोणी सांगत नसे. अडीचशे वर्षांची ही कसर वसंताने एकट्याने भरून काढली, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं.

खुद्द वसंतराव खिडकीजवळ बसले होते. ते ही गोष्ट कधी सांगत नसत, आणि कोणी सांगितली तर उठून पाणी प्यायला जात. घरच्यांना तो त्यांचा विनय वाटे.

"माझ्याजवळ कागद आलाय," सायली म्हणाली. "नौदलाला पत्र लिहिलं होतं मी. त्यांनी गवयची सगळी नोकरी लिहून पाठवली. तीन पानं आहेत."

"मग इतका वेळ बसून काय राहिलीस? वाच की!" भय्यासाहेब एकदम खूश झाले. "हर्षल, पेन तयार ठेव."

सायलीने वाचायला घेतलं. एकोणीसशे शहात्तर साली जहाज नौदलात दाखल. सत्त्याहत्तर, चक्रीवादळानंतर तांदूळ आणि घोंगड्या पोचवल्या. एकोणऐंशी, सरावात सहा रणगाडे उतरवले, सहाही परत चढवले. ऐंशी, अंदमानच्या बेटांवर मतपेट्या नेल्या. एक्याऐंशी, सिमेंट. ब्याऐंशी, सिमेंट. त्र्याऐंशी, एका शाळेची बाकं आणि दोनशे चाळीस बकऱ्या.

"बकऱ्या?" भय्यासाहेबांचा आवाज चिरकला.

"दोनशे चाळीस. वाटेत एक व्याली म्हणून उतरवतानाच्या नोंदीत दोनशे एक्केचाळीस लिहिल्यात."

"पुढे चल, पुढे चल. तोफा कुठे आहेत?"

"होत्या दोन. पस्तीस वर्षांत सलामी सोडून कशालाच उडवल्या नाहीत."

अश्विनी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून ऐकत होती. वसंतरावांची ही सून शाळेत शिकवायची, आणि रविवारी तिच्याच शाळेच्या मुली नांगरासमोर नाच करणार होत्या. गाण्यात 'रणसागर' हा शब्द सात वेळा होता. चौदा दिवसांची गोष्ट तिने प्रिन्सिपल मॅडमना तोफांसकट सांगितली होती. त्यामुळे सकाळपासून ती भय्यासाहेबांच्या बाजूने होती, आणि पोरीच्या या कागदांचा तिला मनापासून राग आला होता. पण मग तिला एकदम काहीतरी आठवलं आणि ती पुढे आली.

"भय्यासाहेब, रविवारचे पाहुणे कोण आहेत ते?"

"रिटायर्ड रिअर अ‍ॅडमिरल आहेत. मोठा माणूस आहे."

"म्हणजे नेव्हीचेच ना? मग ते दगड वाचतील ना उभं राहून?"

नांगर आणताना, हार सांगताना, मंडप ठरवताना ही गोष्ट कोणाच्याच डोक्यात आली नव्हती.

"ते सगळ्यांसमोर विचारतील, कोणतं युद्ध म्हणून," अश्विनी म्हणाली. "मुलींचा नाच चालू असताना! मी तर म्हणते, सायलीचं बरोबर आहे. तांदूळ-घोंगड्या लिहून मोकळे होऊ. सेवाच आहे ना ती पण."

"मलाही तसंच वाटतं," हर्षल घाईने म्हणाला. त्याला बायकोच्या अर्ध्या मिनिटानंतर तसंच वाटायची सवय होती.

भय्यासाहेबांनी दोघांकडे असं पाहिलं, की जणू ही दोघं आत्ताच फितूर होऊन शत्रूच्या छावणीत गेली. सत्तर वर्षं घरातला मोठा भाऊ म्हणून ते बोलत आले होते आणि लोक ऐकत आले होते. वडिलांनी सुरू केलेलं 'कारखानीस पंचांग' ते अजून दरवर्षी काढत. सिंहस्थाच्या विशेष अंकाची तयारी चालू होती आणि मलपृष्ठावर नांगराशेजारी दोघा भावांचा फोटो टाकायचं पक्कं झालं होतं. त्या फोटोखाली दोनशे चाळीस बकऱ्या लिहायच्या का, हा विचार त्यांना सहन होईना.

"चौदा दिवस तरी आहेत की नाहीत त्या कागदात?" त्यांनी विचारलं. आवाज खाली आला होता.

"आहेत." सायलीने शेवटचं पान काढलं. वाचावं की नाही, असं तिला क्षणभर वाटलं. आजोबांकडे तिने पाहिलं, पण ते बाहेर बघत होते. "सात जानेवारी पंच्याऐंशी. किनाऱ्याला लागताना मागचा नांगर सोडायला दोन मिनिटं विलंब. जहाज वाळूत रुतलं. एकवीस जानेवारीच्या मोठ्या भरतीला मोकळं झालं. चौकशीत नांगराच्या ब्रेकमध्ये दोष आढळला नाही. विलंब ब्रेकवरच्या खलाशाच्या हाताच्या चुकीने. खलाशाची बढती काढून घेतली."

"रुतलं होतं?" अश्विनी म्हणाली. "चौदा दिवस नुसतं रुतलं होतं?"

वसंतराव उठले. सगळ्यांना वाटलं पाणी प्यायला चालले. पण ते पुन्हा खाली बसले.

नेमकी तेव्हाच दाराची घंटी वाजली.

दारात माणिकलाल उभे होते. उज्जैनजवळच्या भैरवगढचे छिपा, म्हणजे लाकडी ठप्प्यांनी कापड छापणारे, वसंतरावांच्या वयाचे, सुकलेले, बोटांच्या पेरांत रंग मुरलेले. दगडावर टाकायचा पडदा भैरवगढ छपाईचाच पाहिजे असा भय्यासाहेबांचा हट्ट होता, तो पडदा घेऊन ते आले होते. घरात त्यांना सगळे ओळखत. हे आणि वसंत एकाच वर्षी नौदलात गेले, एकाच जहाजावर होते. वसंतराव दर दिवाळीला भैरवगढला जात आणि त्यांच्या कारखान्यातून एक चादर आणत. घरात माणसं चार आणि चादरी एक्केचाळीस झाल्या होत्या. एवढ्या चादरींचं करायचं काय, हे अश्विनीने अनेकदा विचारलं होतं, पण तिला उत्तर मिळालं नव्हतं.

"आइये माणिकलालजी, बरोबर वेळेवर आलात," भय्यासाहेबांना हुरूप आला. "तुम्हीच बता दो इन सबको. चौदह दिन क्या हुआ था?"

माणिकलालांनी पडद्याची घडी टेबलावर ठेवली, खुर्चीत टेकले आणि वसंतरावांकडे पाहिलं. "इनसे पूछो, भय्यासाब. ये तो घर के हैं."

वसंतरावांना वाटत होतं, की आता बोललो नाही तर रविवारी तो दगड उभा राहील आणि मग कायमचं गप्प बसावं लागेल. एक्केचाळीस वर्षं ते भैरवगढला याच एका वाक्यासाठी गेले होते. दरवेळी चहा झाला, पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या, आणि ते वाक्याऐवजी चादर घेऊन परत आले. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटत होती, की कागदावरचं वाचणारी नात त्यांना त्या क्षणी देवासारखी वाटली.

"हाताची चूक नव्हती," ते म्हणाले. "सायली, ते खोटं आहे. माणिकच्या हाताची चूक नव्हती."

"मग कोणाची होती, आजोबा?"

"ऐक. ते जहाज सपाट बुडाचं असतं. नाक थेट वाळूवर चढवायचं, पुढची दारं उघडायची, माल उतरवायचा. पण मग परत निघणार कसं? म्हणून किनारा यायच्या आधीच मागचा नांगर समुद्रात टाकून ठेवायचा. निघताना त्याची तार गुंडाळायची, की जहाज आपोआप मागे ओढलं जातं. नांगर लांब पडला तरच हे जमतं. हुकूम आला की मी हात खाली करायचा, आणि माझा हात खाली आला की माणिकने ब्रेक सोडायचा. बस, एवढंच काम."

"मग?"

"नऊ पन्नासला हुकूम आला. आणि मी हात खाली केला नाही."

"का पण, बाबा?" हर्षलने विचारलं.

वसंतरावांनी मोठ्या भावाकडे पाहिलं. "सोमवार होता. नानांचं कार्ड आलं होतं. सोमवारी राहुकाळ नऊ बावन्नपर्यंत, काही नवं हाती घेऊ नये. दोनच मिनिटांचा तर सवाल होता. मला वाटलं, थांबावं."

भय्यासाहेब ताडकन उठले. त्यांचे वडील नाना, म्हणजे यज्ञेश्वरपंत, हयात असेपर्यंत घरातल्या प्रत्येक बाहेरगावच्या माणसाला आठवड्याच्या राहुकाळाचं कार्ड जात असे. "नानांचा राहुकाळ एका पळानेही कधी चुकला नाही! अख्खं उज्जैन साक्षी आहे!"

"उज्जैनचा नाही चुकला. मी अंदमानात होतो."

कोणाला काही समजेना. सायलीला समजलं आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"तिथे सूर्य तासा-सव्वातासाने आधी उगवतो," ती हळूच म्हणाली. "राहुकाळ सूर्योदयापासून मोजतात ना? म्हणजे तिथला साडेआठलाच संपला होता."

"तिसऱ्या दिवशी कळलं मला," वसंतराव म्हणाले. "वाळूत रुतलेल्या जहाजावर बसलो होतो. समोर सूर्य वर आला आणि घड्याळात पाहिलं तर पावणेसहा. लवकर उजाडतं हे मालूम होतं, रोजच बघत होतो. पण नानांचं गणित उज्जैनचं आहे, हे डोक्यातच आलं नाही. आपल्याकडे सगळं इथूनच तर मोजतात."

भय्यासाहेब खाली बसले. त्यांच्या पंचांगाच्या मुखपृष्ठावर गेली चाळीस वर्षं 'अखिल भारतात उपयुक्त' असं छापून येत होतं, आणि सिंहस्थ अंकावर यंदा त्यांनी 'व परदेशातही' असं वाढवलं होतं.

"त्या दिवशी पौर्णिमा होती," वसंतराव आता थांबत नव्हते. "मोठी भरती होती. ओहोटी लागली आणि जहाज जागच्या जागी बसलं. नांगर पडला होता किनाऱ्याच्या अगदी जवळ, ओढून काही उपयोग नाही. पुढची तेवढी भरती अमावास्येला. चौदा दिवस. बेटावरची पोरं रोज बघायला येत होती. मग चौकशी बसली. मी म्हटलं, ब्रेक अडकला. त्यांनी ब्रेक तपासला, तो ठीक निघाला. मग राहिला हात. माणिकचा."

"आणि तुम्ही काहीच नाही बोललात?" अश्विनीने माणिकलालांना विचारलं. तिचा स्वर मुलांना ओरडतानासारखा झाला होता. "चूप का बसलात तुम्ही?"

"क्या बोलता, बहूजी?" माणिकलाल हसले. "साहब लोगों के सामने बोलता, कि उज्जैनवाले राहुकाल देखके लंगर डालते हैं? पूरी नेवी हँसती अपने शहर पे. मैंने सोचा, ये खुद बोलेगा. अपना आदमी है, आज नहीं तो कल बोलेगा."

वसंतरावांना पुढे पाहवेना. तरी त्यांनी पाहिलं. "माणिक, दगडावर लिहितो मी. चूक माझी होती, तुझी नव्हती. तुझ्या नावानिशी लिहितो."

"वसंता!" भय्यासाहेब कळवळले. "अरे अ‍ॅडमिरल येणार आहे! आणि नानांचं काय? सिंहस्थ अंक प्रेसमध्ये आहे!"

"नानांचं नाव नाही घालत. त्यांनी कार्ड बरोबरच लिहिलं होतं, थांबलो मी."

"त्यापेक्षा बकऱ्या लिही! मी काही म्हणणार नाही. दोनशे चाळीस लिही, एक्केचाळीस लिही, पण हे नको."

माणिकलाल दोघा भावांचं बोलणं शांतपणे ऐकत होते. मग ते म्हणाले, "बाँह की पट्टी का मुझे कुछ नहीं लगा, वसंत. पट्टी गई, पेन्शन थोड़ी कम हुई, चलता है. नेवी से आने के बाद मैं बाप के पास ठप्पे पे बैठने गया."

ते पडद्याच्या कडेवरून बोट फिरवत होते. लाल-काळ्या बुट्ट्यांची ओळ सरळ गेली होती, कुठेही जोड दिसत नव्हता.

"चिट्ठी में लिखके आया था न घर पे, हाथ की गलती. बाप ने पढ़वा ली थी मोहल्ले के मास्टर से. मुझे बोले, बेटा, जिसका हाथ सरकता है उसको ठप्पा नहीं देते. पूरा थान खराब होता है. तू कपड़ा धो. मैंने बारा साल नदी पे कपड़ा धोया. छोटे भाई छापते थे, मैं धोता था. सत्तानबे में बाप गए. तब तक एक बार भी ठप्पा हाथ में नहीं दिया."

हर्षलने पेन खाली ठेवलं. या माणसाचं आयुष्य आपल्या घराच्या गोष्टीखाली दबून गेलं आणि आपण ती गोष्ट दर बारशाला पेढ्यांबरोबर वाटली, हे सायलीच्या मनात आलं आणि तिला रडू फुटलं. भय्यासाहेबसुद्धा टेबलाकडे बघत बसले.

"मी येतो," वसंतराव म्हणाले. "आत्ता येतो भैरवगढला. तुझ्या मुलाला, भावांना, सगळ्यांना सांगतो."

"उनको बोलके क्या होगा? बाप को बोलना था." माणिकलालांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वसंतरावांना सोसेना. "बाप को बोल देता तू एक बार, तो काम का था."

हर्षलचा फोन वाजला. दगडवाला होता. पाचला अजून वीस मिनिटं होती, पण त्याला दुसरं काम होतं. वसंतरावांनी मुलाच्या हातून फोन घेतला. त्यांनी विचारून घेतलं, की अक्षरं खोल कोरतात ना, की नुसती रंगवतात. मग त्यांनी हिंदीत सांगायला सुरुवात केली. भय्यासाहेबांनी एकदा हात वर केला, आणि मग तो खाली घेतला.

दगडवाल्याने लिहून घेतलं आणि चूक राहू नये म्हणून स्पीकरवर परत वाचून दाखवलं. "आयएनएस गवय. सात जनवरी उन्नीस सौ पचासी. लंगर देर से गिरा. गलती वसंत यज्ञेश्वर कारखानीस की थी. ब्रेक ठीक था. माणिकलाल का हाथ भी ठीक था." तो थांबला. "बाबूजी, ये पक्का है? पत्थर पे ऐसा कोई लिखवाता नहीं है."

"पक्का आहे."

माणिकलाल खुर्चीतून पुढे वाकले आणि त्यांनी फोनजवळ तोंड नेलं.

"भैया, वो आखिरी वाली लाइन एक बार और पढ़ना. थोड़ा जोर से."